धर्मोपदेशकाची उमेदवारी

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. शहापूर-मुरबाडकडील लोकांस ती तारीख सांगावी लागत नाही. बरोबर एका वर्षाने, २ जानेवारी १९४४ रोजी, विठ्ठल रामजी शिंदे निवर्तले. ह्या योगायोगाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. कोतवाल वकिली बाजूस सारून राजकारणात आले. शिंदे आले ते धर्मपीठावरून, आणि ती वाट निराळ्याच अर्थाने एकाकी होती.

जमखिंडीच्या वारकरी घराण्यात १८७३ साली जन्मलेल्या शिंद्यांनी ऑक्सफर्ड येथे १९०१ ते १९०३ पर्यंत तौलनिक धर्माचे अध्ययन केले व परत येऊन मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद पत्करले. परंतु उपासनामंदिराच्या चार भिंतींत त्यांचे मन रमेना. १९०६ साली त्यांनी परळास अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून निराश्रित साह्यकारी मंडळीचा पाया घातला; १९१० साली प्रचारकपद सुटले.

त्यांची खरी कसोटी १९२० च्या कायदेकौन्सिलच्या निवडणुकीत लागली. मराठ्यांकरिता राखीव जागा होती. जन्माने मराठा असलेल्या शिंद्यांस ती घेणे सोपे होते. पण जातवार प्रतिनिधित्व हे तत्त्वच अमान्य असल्यामुळे ते पुण्याच्या सर्वसाधारण जागेस उभे राहिले, आणि पडले. व्यवहारी लोक ह्यास हट्ट म्हणतील. परंतु जातिभेद हे पाप आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याने मतपेटीपाशी जातीचा आसरा घ्यावयाचा कसा?

ह्याच तत्त्वाची दुसरी बाजू अधिक दुखरी आहे. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघासही त्यांनी विरोध केला. स्वजातीच्या राखीव जागेवर पाणी सोडणारा पुढारी तसे बोलला तर त्यात ढोंग नव्हते. तथापि ज्यांस गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत, त्यांस सर्वसाधारण जागेचा भरवसा कोणी द्यावा? डॉ. आंबेडकरांचा मार्ग निराळा झाला तो ह्यामुळेच, व ह्या मुद्द्यावर आमचे मत आंबेडकरांकडे झुकते. शिंद्यांनी हयात ज्यांच्यासाठी वेचली, त्यांतील पुष्कळ जण अशा रीतीने त्यांच्यापासून दुरावले.

१९३० साली, सत्तावन्नाव्या वर्षी, कायदेभंगात त्यांस सक्तमजुरीची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातही ते रोजनिशी लिहीत राहिले.