तापीचा मोकळा प्रवाह आणि बऱ्हाणपूरचा वनपट्टा

बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगाव जिल्ह्यात हतनूर आणि गुजरातेत उकाई, काकरापार येथे ती अडविली आहे. उगमाकडेही काही प्रकल्प झाले आहेत. बऱ्हाणपूरच्या वरच्या अंगाला, मेळघाटच्या उत्तर टोकाशी मात्र तिच्या मुख्य पात्रावर अद्याप मोठे धरण नाही.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या तेथील नद्या तापीच्याच उपनद्या होत. पश्चिमेस, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर यावल अभयारण्य आहे, तर पूर्णेकाठी २०१४ साली घोषित झालेले मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र. तेथील वाघ केळीच्या बागांतही वावरतात. या क्षेत्रांच्या मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्याचे जंगल येते. ते मुख्यतः प्रादेशिक वनविभागाकडे असल्याने त्याला अभयारण्याचे कवच नाही. १९९७ मध्ये शहाद्याजवळ ११३ वर्षांनंतर पुन्हा आढळलेला रानपिंगळा पुढे मेळघाटाप्रमाणे खकनारच्या जंगलातही सापडला. पक्ष्याला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते, वनखात्याला असते. नेपानगर परिसरात अलीकडच्या काळात अतिक्रमणासाठी बेसुमार वृक्षतोड झाली. देशातील पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना याच नेपानगरचा. १९५६ साली राष्ट्रार्पण झालेल्या या कारखान्यात सलई आणि बांबूचा लगदा वापरला जाई. तेव्हा या जंगलाचे थोडे देणे वृत्तपत्रांकडेही निघते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारा वा तेथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याविना वळविता, अडविता वा वाढविता येत नाही. गोमंतकीय वाचकांना हे कलम परिचित आहे. कळसा-भांडुरा प्रकरणी जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला याच कलमाखाली नोटीस बजावली होती. संरक्षित सीमेबाहेरच्या जंगलाला मात्र या तरतुदीचा थेट आधार मिळत नाही.

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा सामंजस्य करार झाला. त्याआधीच्या प्रस्तावातील सुमारे ६६ अब्ज घनफूट क्षमतेच्या धरणाने १७ हजार हेक्टरांहून अधिक जमीन बाधित झाली असती. तीत व्याघ्र प्रकल्पाचीही जमीन होती. ७३ गावांवरही परिणाम होणार होता. आता त्याऐवजी खारिया-गुटीघाट येथे ८.३१ अब्ज घनफुटांचा कमी उंचीचा वळण बंधारा आणि दोन्ही तीरांवरील कालवे योजिले आहेत. या कालव्यांतून पाणी भूगर्भात मुरवावयाचे आहे. पुनर्वसनाची गरज उरणार नाही, असे सरकार सांगते. बुडीत घटले, ही या आराखड्याची जमेची बाजू निःसंशय मोठी आहे. तथापि बंधाऱ्याखालील पात्रात उन्हाळ्यात किती पाणी सोडणार आणि शेकडो किलोमीटरचे कालवे ओलांडण्यासाठी वन्यप्राण्यांना कोठे वाट ठेवणार, हे प्रश्न बुडीत क्षेत्राच्या हिशेबात बसत नाहीत.

योजनेची निकड मात्र खरी आहे. बऱ्हाणपूर व जळगावच्या केळीपट्ट्यात उपशामुळे भूजल खोल गेले आहे. याच शहरात १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या डोंगरांत मुरलेले पाणी भुयारातून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणणारी ती व्यवस्था पाण्यासाठी त्याच डोंगरउतारांवर अवलंबून आहे.