हातच्या काकणाला आरसा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरातलंच आहे, तेव्हा नातेवाईकांपैकी काहींना अर्धी गोष्ट आधीच माहीत असेल. उरलेली अर्धी आज सांगतो.

गेल्या महिन्यात वाईहून वहिनीचा फोन आला. थोरल्या दादाची बायको, वय वर्षं सत्त्याहत्तर. तिच्या हातच्या गोधड्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात पोचलेल्या आहेत. आमच्या दोन्ही मुलांची बाळपणं त्यातच गुंडाळली गेली. दोनेक वर्षांपूर्वी पुतण्यानं त्या ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि वहिनीला उतारवयात चार पैसे स्वतःचे म्हणून मिळू लागले. त्या दिवशी तिनं 'कसे आहात' वगैरे काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "भाऊजी, माझे टाके वाकडे पडायला लागलेत का हो?"

एक गोधडी परत आली होती. गिऱ्हाइकानं कारण लिहिलं होतं, फोटोतल्यासारखं काम नाही, टाके ओबडधोबड आहेत. वहिनीनं ती पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली होती, चष्मा पुसून पाहिली होती, आणि तिचं तिनं ठरवूनही टाकलं होतं की आता आपला हात गेला.

मी पुतण्याकडून तो फोटो मागवला. काय सुंदर फोटो! लाकडी पलंग, खिडकीतून तिरपं ऊन, आणि गोधडीवर पट्टी लावून मारल्यासारखे सरळ टाके. फक्त एवढंच, की ती गोधडी आमच्या घरातली नव्हती. कोणाच्याच घरातली नव्हती. मोबाईलवर काढलेला फोटो अंधारलेला आला म्हणून त्यानं तो एआयच्या एका प्रोग्रॅमला दिला आणि 'छान करून दे' म्हणून सांगितलं. त्या यंत्रानं छान करून दिलं. म्हणजे वहिनीची गोधडी काढून टाकली आणि तिच्या जागी स्वतःची घातली.

पुतण्या लबाड नाही. म्हणाला, "काका, सगळेच करतात. नियम काय आहे तो सांगा, तसं करतो. तुम्ही इतिहास शिकवायचात ना?"

आता निवृत्त मास्तराला असं कोणी विचारायची खोटी!

मराठीत म्हण आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला. बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हाच नियम होता. वांगं दाबून बघा, कापड चिमटीत धरून बघा, मडकं टिचकी मारून ऐका. वस्तू हातात, मग चित्राचं काम काय? जुन्या बाजारात चित्रं होती, पण ती वेगळ्या कामाची. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत छापील लेबलं असत. कुठे लक्ष्मी, कुठे कृष्ण, कुठे हत्ती. घेणाऱ्याला लिहिता-वाचता येवो न येवो, 'हत्ती छाप' ओळखता येई. लक्ष्मीचं चित्र पाहून आत लक्ष्मी निघेल असं कोणाला वाटत नसे. ते चित्र नाव होतं, पुरावा नव्हतं. पण त्याच ठाणावर किती वार कापड आहे याचा आकडा खोटा असला तर गिऱ्हाईक नागवलं जाई. म्हणून १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यानं ठाणावर लांबीचा आकडा ठळक छापणं सक्तीचं केलं आणि मालाचं खोटं वर्णन हा गुन्हा ठरवला. चित्र सजावटीचं हवं ते लावा, पण ज्यावर विसंबून माणूस पैसे मोजतो ते खरं असलं पाहिजे. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याचाच विस्तार आहे.

गोंधळ सुरू झाला तो माल आणि गिऱ्हाईक यांच्यात टपाल आलं तेव्हा. अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ मध्ये एका कागदावर वस्तूंची यादी छापून शेतकऱ्यांना टपालानं माल विकायला सुरुवात केली. न पाहिलेल्या मालावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून १८७५ पासून 'पसंत न पडल्यास पैसे परत' अशी हमीही दिली. आपल्याकडे टपाल खात्यानं १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबलची पद्धत आणली, आपली 'व्ही. पी.'. आता काकण हातात नव्हतं. आता आरसा लागणार होता, आणि आरसा विकणाऱ्याच्या हातात होता.

सीअर्स या प्रसिद्ध कॅटलॉगवाल्याच्या सुरुवातीच्या दिवसांचा एक किस्सा सांगितला जातो. त्यानं सोफा आणि खुर्च्यांचं चित्र छापून अगदी नगण्य किमतीला जाहिरात केली. लोकांनी पैसे पाठवले आणि पार्सलातून निघालं बाहुलीच्या खेळातलं फर्निचर. 'छोट्या आकाराचं' हे शब्द जाहिरातीत बारीक अक्षरात होते म्हणे. चित्र तसं खोटं नव्हतं, नुसतं मापच नव्हतं त्याला.

माझा स्वतःचा सोफा म्हणजे एक दुर्बीण. सातवीत होतो. मासिकातल्या जाहिरातीत एक माणूस कड्यावर उभा राहून दुर्बिणीतून समुद्रातलं जहाज पाहतोय असं चित्र होतं. आजीनं दिलेले आणि किराणा आणताना वाचवलेले असे साडेसात रुपये साठवले आणि व्ही. पी.नं मागवली. व्ही. पी.त आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग पार्सल फोडायचं. फोडलं. पुठ्ठ्याची नळी आणि दोन्ही टोकांना दोन भिंगं. समोरच्या वाड्यावरचं कौलसुद्धा धड दिसेना. वडील रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "तू दुर्बीण नाही घेतलीस, चित्र घेतलंस."

असो. कायद्याकडे वळू.

आपला माल-विक्रीचा कायदा १९३० चा. त्यात दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या आहेत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा आणि नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याबरहुकूम हवा. दोन्ही दाखवून विकलात तर दोन्हींशी जुळला पाहिजे, एकाशी जुळून भागत नाही. यात चित्राचा वेगळा उल्लेख नाही. पण विचार करा, स्क्रीनवरचा फोटो म्हणजे काय? गिऱ्हाइकाच्या लेखी तो नमुनाच असतो. हात लावता येत नाही, एवढाच फरक.

चित्राचा प्रश्न खऱ्या अर्थानं तावून सुलाखून निघाला तो अमेरिकेत, टीव्ही आल्यावर. १९५९ च्या सुमारास दाढीच्या क्रीमची एक जाहिरात लागायची. रॅपिड शेव्ह त्याचं नाव. खरखरीत सँडपेपरवर क्रीम लावायचं आणि लगेच वस्तऱ्यानं तो गुळगुळीत भादरून दाखवायचा. प्रत्यक्षात तिथे सँडपेपर नव्हताच. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर वाळू पसरलेली होती. खरा सँडपेपर भादरता यायचा, पण त्याला सुमारे ऐंशी मिनिटं भिजवावं लागे. कंपनीचं म्हणणं, टीव्हीवर खरा सँडपेपर साध्या कागदासारखा दिसतो, म्हणून नकली केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध लागला. 'तुम्ही डोळ्यांनी पुरावा बघताय' असं प्रेक्षकाला भासवून बनावट वस्तू दाखवणं हीच फसवणूक, मग मूळ दावा खरा का असेना.

या निकालातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आइस्क्रीमची. चित्रीकरणाच्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं, म्हणून त्या काळी कुस्करलेला बटाटा ठेवत. न्यायालयानं त्यावरही विचार केला. पार्श्वभूमीला कोणी आइस्क्रीम खाताना दिसतंय आणि वाटीत बटाटा आहे, तर बिघडत नाही. पण तुम्ही आइस्क्रीमचाच रंग आणि मऊपणा विकायला निघाला असाल, तर तिथे बटाटा चालणार नाही. शाळेत हे उदाहरण मला माहीत असतं तर नागरिकशास्त्राचा एक तास सत्कारणी लागला असता!

त्याच सुमारास एका काच कंपनीनं मोटारीची काच किती स्वच्छ ते दाखवताना काच खाली करून, म्हणजे काचेविनाच, चित्रण केलं होतं. तिलाही आयोगानं अडवलं. मग कॅम्पबेल सूपचं प्रकरण. भाज्या वाडग्याच्या तळाशी बसतात, म्हणून फोटो काढताना तळात काचेच्या गोट्या टाकल्या आणि भाज्या वर आणल्या. सूप खरं, भाज्या खऱ्या, फक्त गोट्या लपवलेल्या. १९७० मध्ये आयोगाच्या आदेशानं तेही बंद झालं. पुतण्याला मी म्हटलं, "अरे, तुझ्या फोटोत तर सूपही नाही. नुसत्या गोट्या आहेत."

आपल्याकडे १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' ही कल्पना आली आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती सामान्य माणसाच्या हाती दिली. त्या व्याख्येत मालाबद्दलचं खोटं विधान 'तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात' असं धरलं आहे. म्हणजे चित्रही बोलतं, आणि खोटं बोलू शकतं, हे कायद्यानं तेव्हाच मान्य केलं होतं. २०१९ च्या नव्या कायद्यात त्याला इलेक्ट्रॉनिक नोंदीची जोड मिळाली. मग जुलै २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांत तर सरळच आहे. विक्रीच्या वेबसाइटनं प्रत्येक विक्रेत्याकडून हमी घ्यायची की वर्णन आणि चित्रं अचूक आहेत आणि मालाच्या रूपाशी, गुणाशी, दर्जाशी थेट जुळतात. जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. खातं उघडताना पुतण्यानं ज्या चौकोनात बरोबरची खूण केली, तिच्याखाली हेच लिहिलं असणार. कोण वाचतो!

एआयचं म्हणून वेगळं काय, असं तो विचारतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं मसुदा काढला होता. त्यात यंत्रानं बनवलेल्या चित्राच्या किमान दहा टक्के भागावर तसं लेबल हवं असं होतं. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत दहा टक्क्यांचं माप गेलं, ठळक लेबल राहिलं. रंग-उजेड साधा सुधारणं यातून वगळलं आहे. पण त्या नियमांची नजर मुख्यतः माणसांच्या आणि घटनांच्या खऱ्या भासणाऱ्या बनावट चित्रांवर आहे. गोधडीला २०२० चा नियमच पुरेसा आहे. आणि नुसतं 'एआयनं बनवलेलं' लिहून सुटका होते असंही नाही. लेबल चित्र कोणी काढलं ते सांगतं. जुना प्रश्न वेगळा आहे, चित्रातलं आणि पार्सलातलं एक आहे का?

म्हणून पुतण्याला मी जे लिहून पाठवलं ते इथेही देतो, तुमच्यापैकी कोणी लोणची, पणत्या, पिशव्या विकत असेल तर उपयोगी पडेल. वस्तूचा पहिला फोटो खऱ्या वस्तूचा, तिथे यंत्राचा हात नको. अंधारलेला फोटो उजळा, पण रंग शेजारी खरी वस्तू ठेवून ताडून बघा. मागची भिंत, टेबल, ऊन यंत्राकडून घ्या हवं तर, तो बटाटा चालेल. पण तसं खाली लिहा आणि वस्तूचं माप बिघडू देऊ नका, नाहीतर सोफ्याची गत. साडी किंवा कुडता यंत्रानं बनवलेल्या बाईच्या अंगावर दाखवू नका. कापड कसं पडतं तेच तर लोक बघतात, आणि यंत्राला ते कापड कधी भेटलेलंच नाही. हातची वस्तू दर वेळी वेगळी असते, तेव्हा दर वस्तूचा फोटो वेगळा. आणि वापरलेली वस्तू विकताना डाग, ओरखडा आवर्जून दाखवा.

हे सगळं गिऱ्हाइकासाठी झालं. पण एवढी वर्षं इतिहास शिकवून जे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते वहिनीच्या फोननं आलं. हे सारे कायदे घेणाऱ्याला जपण्यासाठी झाले. खोटं चित्र करणाऱ्यालाही मारतं, हे त्यांत कुठे नाही. त्या गिऱ्हाइकानं वहिनीच्या गोधडीची तुलना दुसऱ्या कोणाच्या गोधडीशी केलीच नाही. कधी शिवलीच गेली नाही अशा गोधडीशी केली. तिच्यापुढे कोणाचा हात टिकणार? आणि साठ वर्षं सुई धरलेली बाई रात्री दिव्याखाली स्वतःचे टाके मोजत बसली.

मी वाईला जाऊन आलो. अंगणात दोरीवर सगळ्या गोधड्या टाकल्या आणि सकाळच्या उन्हात पुतण्यानं एकेकीचे फोटो काढले, जवळून टाक्यांचेसुद्धा. सूनबाईनं खाली लिहिलं, 'हाताचा धावदोरा आहे, टाके थोडे कमीजास्त असतात.' जुने फोटो काढून टाकले. पहिल्या पंधरा दिवसांत विक्री निम्म्यावर आली, हेही सांगायला हवं. पुढे काय होतं बघू. पुतण्या थोडा धास्तावलाय आणि मी त्याला कसलीही खात्री दिलेली नाही. पण एकही गोधडी परत आलेली नाही.

ती परत आलेली मी विकत मागितली. वहिनीनं पैसे घेतले नाहीत, पण टाके दाखवत पुन्हा एकदा विचारलंच, "खरं सांगा हं भाऊजी, वाकडे आहेत ना?"

म्हटलं, "आहेत की. तुझेच आहेत."

हसली. सध्या ती माझ्या पलंगावर आहे. इकडे याल तेव्हा हात लावून बघा.