परग्रहावरच्या शत्रूला विज्ञानकथांतले सैनिक 'किडे' का म्हणतात?

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटातून उतरलेली कारतलबखानाची मोगल फौज २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कोंडली गेली. परमानंदाच्या 'शिवभारता'त ही हकिगत येते. रायबागनच्या सल्ल्याने खानाने शिवाजी महाराजांकडे वकील पाठवला आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. मावळ्यांचा शत्रू परका होता, पण त्याच्याशी बोलणी करता येत होती. विज्ञानकथेतल्या सैनिकाला नेमकी हीच सोय नसते.

रॉबर्ट हाइनलाइन हा अमेरिकी नौदलातला माजी अधिकारी. त्याच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) या कादंबरीत शत्रूला सरळ 'बग' म्हणजे किडाच म्हटले आहे. मुंग्यांसारखी त्यांची वसाहत असते: कामकरी, लढवय्ये, राणी आणि डोके चालवणारे 'मेंदू'. सैनिकांना त्यांची किळस येते, मात्र ते त्यांना कमी लेखत नाहीत. गंमत म्हणजे एक मोहीम 'मेंदू' जिवंत पकडण्यासाठीच आखलेली आहे, कारण त्याच्या बदल्यात आपले कैदी सोडवण्याची आशा असते. किडा म्हटले तरी देवाणघेवाणीचा विचार सुटत नाही! पॉल व्हरहोवनने १९९७ च्या चित्रपटात याच लष्करी आवेशाची टिंगल केली, त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेल्यांचा कादंबरीबद्दल हमखास गैरसमज होतो.

जो हाल्डेमन व्हिएतनाममध्ये लढताना जखमी झाला होता. त्याच्या 'द फॉरेव्हर वॉर' (१९७४) मध्ये सैनिकांच्या मनात शत्रूच्या अत्याचारांची खोटी दृश्ये संमोहनाने पेरलेली असतात. ती खोटी आहेत हे नायकाला कळत असते. तरीही इशारा मिळताच द्वेष उसळतो आणि समोर कत्तल होते. हजार वर्षांहून जास्त चाललेले हे युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते, हे शेवटी उघड होते.

ऑर्सन स्कॉट कार्डची 'एंडर्स गेम' (१९८५) वाचायची असेल, तर पुढचे वाचू नका. तिथले कीटकसदृश जीव एकाच सामाईक मनाने विचार करतात. प्रत्येक माणूस स्वतंत्र विचार करतो, हे त्यांच्या लक्षातच आलेले नसते. एकेकाला मारणे म्हणजे खून, हेही नाही. एंडर हा मुलगा सराव समजून त्यांचा संपूर्ण वंश संपवतो. खरे काय घडले ते कळल्यावर तो शत्रूच्या राणीच्या बाजूने, तिच्याच आवाजात पुस्तक लिहितो.