बैरूतच्या धक्क्यावर 'मुंबई'

हेडफोन लावलेत ना? आज आपण भूमध्य समुद्राकाठच्या लेबनॉनमध्ये जाणार आहोत, साल २००६. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर अचानक युद्ध कोसळलं तर तो सुटतो कसा, हा आजचा प्रश्न.

१२ जुलै २००६. हिजबुल्लाने सीमेवर दोन इस्रायली सैनिक पकडले आणि युद्ध पेटलं. दुसऱ्याच दिवशी इस्रायलने बैरूत विमानतळाच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले आणि समुद्रातून नाकेबंदी केली. सीरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हल्ले झाले. म्हणजे बघा, तुमच्या हातात परतीचं तिकीट आहे, पण विमानच नाही!

तेव्हा तिथे सुमारे १२,००० भारतीय होते. कोणी कारखान्यात, कोणी शेतात, कोणी लोकांच्या घरी कामाला. योगायोग असा की, आपल्या नौदलाच्या काही युद्धनौका भूमध्य समुद्राच्या दौऱ्यावरून घरी निघाल्या होत्या. त्यांना मागे वळवलं. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन सुकून'. आयएनएस मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि शक्ती या त्या चार नौका. यातली 'मुंबई' आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. बैरूतच्या बंदरातून लोकांना घेऊन या नौका सायप्रसच्या लार्नाकाला जायच्या आणि तिथून विमानाने मायदेशी. सुमारे २,२८० लोक असे बाहेर पडले. त्यांत श्रीलंका आणि नेपाळचे लोकही होते.

आता जरा हिशोब करा. १२,००० पैकी २,२८०, तेही सगळे भारतीय नाहीत. मग बाकीचे? बरेच जण तिथेच राहिले. काहींना पगार सोडून निघणं परवडणारं नव्हतं. आणि एक मोठी अडचण तिथल्या 'कफाला' पद्धतीची. या पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, आणि अनेक मालक पासपोर्टही स्वतःकडेच ठेवून घेतात. नौका धक्क्याला लागली तरी कागद मालकाच्या कपाटात असेल, तर माणूस अडकतो. अशा वेळी दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो, एकदाच घरी परतण्यापुरतं. पण त्यासाठी आधी दूतावासापर्यंत पोचावं लागतं ना!

मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. आपण नौकांचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण नौका जवळ होत्या हे नशीब. प्रत्येक वेळी त्या जवळ असतीलच असं नाही. पाचच वर्षांनी, २०११ मध्ये लिबिया पेटला, तेव्हा सरकारला भाड्याचं प्रवासी जहाज घ्यावं लागलं. त्याने बेंगाझीहून लोकांना इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला नेलं. देश वेगळा, पण गणित तेच: दूतावासाला माहीत असलेला आणि हातात कागद असलेला माणूस शोधायलाही सोपा आणि बाहेर काढायलाही.

म्हणून तुमचा भाऊ, मैत्रीण किंवा तुम्ही स्वतः तिकडे निघाला असाल, तर तीन गोष्टी करा. पोचल्यावर लगेच भारतीय दूतावासात नाव नोंदवा. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. तो भारत सरकारची मालमत्ता असतो, मालकाची नाही. त्याचा फोटो घरच्यांकडेही असू द्या. आणि विमानतळ बंद पडला तर जवळचं बंदर कुठलं, सीमा कुठली, हे नकाशावर आधीच बघून ठेवा. लेबनॉन आणि लिबिया हे दोन्ही देश ईसीआर यादीत आहेत. म्हणजे दहावीपेक्षा कमी शिकलेल्यांना तिथे नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. एजंट म्हणाला, "त्याची काही गरज नाही," तर समजा, पाणी मुरतंय.

२००६ चं युद्ध १४ ऑगस्टला थांबलं. चौतीस दिवस! त्यातले पहिले दोन दिवस विमानतळ बंद पडायला पुरले. तयारीला वेळ असतो तो त्याच्या आधीचा.

आजच्या भागात इतकंच. तिकडे कोणी ओळखीचं असेल तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!