गंभीर दमा : श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे आणि रक्तातील इओसिनोफिल

इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. इओसिन या रंगद्रव्याने तिच्यातले कण नारिंगी-तांबडे होतात, म्हणून हे नाव. जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये ती ओळखून तिचे वर्णन केले. अस्थिमज्जेत तयार होऊन ती रक्तात काही तासच राहते आणि मग ऊतींमध्ये शिरते. दम्याच्या पुष्कळ रुग्णांत ती श्वासनलिकांच्या अस्तरात जमते आणि तिथली सूज धुमसती ठेवते. ही सूज उतरवणारे मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे, बोलीभाषेत ‘पंपा’तून, घ्यायचे स्टेरॉइड : बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन इत्यादी. या पेशीचे आणि औषधाचे नाते दुहेरी आहे. पेशींच्या संख्येवरून औषध किती लागू पडेल याचा अंदाज येतो, आणि तेच औषध ती संख्या खाली आणते. दुसरी गोष्ट विसरून पहिलीचा वापर केला की रुग्णाचे निदान चुकते.

‘गंभीर’ हा शब्द इथे नेमक्या अर्थाने वापरतात. एखाद्या रात्री आलेला जोराचा झटका म्हणजे गंभीर दमा नव्हे. स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि श्वासनलिका दीर्घकाळ रुंदावणारे औषध नियमित व योग्य रीतीने घेऊन, जोडीचे आजार हाताळूनही जो आवरत नाही, किंवा मात्रा कमी करताच उसळतो, तो गंभीर दमा. अशा रुग्णांचे प्रमाण एकूण दमेकऱ्यांत थोडे असते. पण रुग्णालयातले दिवस, गोळ्यांच्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम आणि मोडलेली झोप यांचा मोठा भार त्यांच्यावरच पडतो.

पेशी आणि औषध यांचा संबंध प्रथम स्पष्टपणे दाखवला तो इंग्लंडमधील डर्बी येथील हॅरी मॉरो ब्राउन यांनी. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९५६ मधील चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा फारसा टिकाऊ फायदा दिसला नव्हता. ब्राउन यांनी रुग्णांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल भरपूर, ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुधारत. ज्यांच्या थुंकीत ते नव्हते, त्यांना गुण येत नसे. हे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. एक सूक्ष्मदर्शक आणि थुंकीचा एक थेंब एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले हे काम दम्याच्या इतिहासात फार वरच्या जागेचे आहे. याच ब्राउन यांनी १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनच्या फवाऱ्याचे परिणामही मांडले. पुढे २००२ मध्ये लेस्टर येथील ७४ रुग्णांच्या चाचणीत थुंकीतील इओसिनोफिल पाहून उपचार ठरवलेल्या गटात दम्याचे तीव्र उद्रेक ३५, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात १०९ झाले. मात्र थुंकी मिळवणे आणि तपासणे हे प्रत्येक दवाखान्यात जमणारे काम नाही, म्हणून रक्तातील संख्या पुढे आली.

स्टेरॉइडने ही संख्या का घटते? इओसिनोफिलची वाढ आणि आयुष्य इंटरल्यूकिन-५ या संदेशवाहक प्रथिनावर अवलंबून असते. स्टेरॉइड त्याची निर्मिती दाबते, पेशींचा मृत्यू लवकर घडवते आणि त्यांना रक्तातून ऊतींकडे हलवते. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉलही हेच करते. सकाळी कॉर्टिसॉल चढलेले असते तेव्हा रक्तातले इओसिनोफिल कमी आणि रात्री जास्त असतात. बॉस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांची १९४८ ची चाचणी यावरच बेतलेली होती : अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक टोचल्यावर चार तासांत इओसिनोफिल निम्म्याने उतरले, तर अधिवृक्क ग्रंथी शाबूत असल्याचे मानत. गोळ्यांचे स्टेरॉइड तर काही तासांत ही संख्या शून्याजवळ नेऊ शकते. पंपातले औषध मुख्यतः श्वासनलिकांत काम करते, त्यामुळे रक्तातली घट सौम्य असते; पण फुप्फुसातून थोडे औषध रक्तात उतरतेच, आणि मोठ्या मात्रेत ही घट नजरेत भरते.

प्रयोगशाळेचा कागद बहुधा टक्केवारी देतो. उपयोगी पडते ती प्रत्यक्ष संख्या. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील, तर संख्या दर घनमिलिमीटरला ४०० होते. साधारण ५०० पर्यंतची संख्या निरोगी माणसातही आढळते. ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार मोठ्या मात्रेची स्टेरॉइडे चालू असताना १५० किंवा अधिक इओसिनोफिल सापडले, तर औषधाला न जुमानणारी सूज शिल्लक असण्याचा संशय घ्यावा. म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला १८० हा आकडा पंप न घेणाऱ्या माणसात बिनमहत्त्वाचा असेल, पण मोठ्या मात्रेवरच्या रुग्णात तो बोलका असतो. उलट, आठवड्यापूर्वी गोळ्यांचा कोर्स झालेल्या रुग्णाचा ३० हा आकडा बहुधा गोळ्यांचा परिणाम असतो. त्यामुळे कोर्स संपल्यावर एक-दोन आठवडे थांबून, आणि संख्या कमी आली तर तीन वेळांपर्यंत, तपासणी करावी असे सांगितले जाते. ‘खरा’ आकडा दिसावा म्हणून रुग्णाने परस्पर पंप बंद करणे मात्र धोक्याचे आहे. त्यातून जीवघेणा झटका येऊ शकतो.

पंप चालू असूनही संख्या चढीच राहिली, तर पहिला प्रश्न असा : औषध फुप्फुसात पोचते आहे का? पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ न बसणे, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) न वापरणे, बरे वाटताच औषध सोडणे, ‘सवय लागेल’ या भीतीने एक दिवसाआड घेणे, ही कारणे नेहमीची आहेत. त्यासाठी रुग्णाला दोष देण्यापेक्षा त्याच्या हातात पंप देऊन तो कसा घेतो हे पाहणे जास्त कामाचे. बेलफास्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की सात दिवस देखरेखीखाली स्टेरॉइड घेतल्यावर उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे श्वासनलिकांतल्या सुजेची खूण, झपाट्याने उतरले, तर रुग्ण आधी औषध नीट घेत नव्हता असे ओळखता येते.

भारतात आणखी एक शक्यता तपासावी लागते, ती जंतांची. हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणाऱ्या उष्णकटिबंधीय इओसिनोफिलियात रात्रीचा खोकला आणि दम्यासारखी घरघर असते, आणि संख्या ३,००० च्याही वर जाते. वाइनगार्टेन यांनी या विकाराला हे नाव १९४३ मध्ये भारतातील रुग्णांवरून दिले. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यातून आलेल्या रुग्णात हे ध्यानात ठेवावेच, कारण त्यावरचे औषध डायएथिलकार्बामाझिन हे आहे. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत असलेल्या माणसाला गोळ्यांची स्टेरॉइडे दिल्यास तो शरीरभर पसरून प्राणावर बेतू शकते. बुरशीची अ‍ॅलर्जी आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांतही ही संख्या वाढते.

हे सारे वगळल्यावरही इओसिनोफिल टिकून राहिले, तर इंटरल्यूकिन-५ चा मार्ग रोखणारी प्रतिपिंडे वापरतात. त्यांपैकी मेपोलिझुमॅबची २००० मधील चाचणी निष्फळ ठरली होती : पेशी घटल्या, पण दमा तसाच राहिला. तेव्हा रुग्ण सौम्य दम्याचे होते आणि इओसिनोफिल पाहून निवडलेले नव्हते. लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथे २००९ मध्ये इओसिनोफिल चढे असलेले रुग्ण निवडताच उद्रेक स्पष्टपणे घटले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. डुपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ चा मार्ग अडवते. त्याने दमा सुधारत असतानाही रक्तातील इओसिनोफिल काही काळ वाढू शकतात. इंटरल्यूकिन-५ चा मार्ग रोखणाऱ्या बेनरालिझुमॅबने मात्र ते जवळजवळ नाहीसे होतात. हे औषध चालू असताना पंपाची मात्रा उतरवून पाहणाऱ्या ‘शमाल’ चाचणीत बहुतेकांना ती कमी करता आली. पण नियमित स्टेरॉइड अगदी थांबवून गरजेपुरताच पंप घेणाऱ्यांत फुप्फुसांची क्षमता काहीशी घटली आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड वाढले. रक्त इओसिनोफिलमुक्त असतानाही श्वासनलिकांत स्टेरॉइडने दबणारी सूज उरलेली होती.