मुका खांब

"आधी वीस साखळ्या घाल. मग वर चढायला तीन. त्या तिनांचा एक खांब धरायचा. पुढे नुसते खांब उभे करत जा."

मावशीने फोनवरून दिलेला हा पहिला धडा. माझ्या एका हातात क्रोशाची सुई, दुसऱ्या हाताच्या बोटांना पांढऱ्या दोऱ्याचा वेढा, आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला. साठीला टेकल्यावर हे खूळ का शिरलं ते राहू द्या. पहिल्या दिवशी वीस साखळ्यांच्या तेवीस झाल्या, दुसऱ्या दिवशी त्यावर सतराच खांब उभे राहिले, आणि रुमाल व्हायचा तो समोसा झाला. पण दोन्ही दिवस मनात घोळत राहिला तो 'खांब' हा शब्द. एवढ्याशा दोऱ्याला खांब म्हणायचं कुणाला सुचलं असेल?

'क्रोशा'चं कूळ सापडायला वेळ लागत नाही. फ्रेंचमध्ये 'क्रोक' म्हणजे आकडा, आणि 'क्रोशे' म्हणजे छोटा आकडा. सुईच्या टोकाला असतो तेवढाच. आपण त्या शेवटच्या 'ए'चा 'आ' करून त्याला घोडा-आंब्याच्या पंगतीत बसवलं, हिंदीने 'क्रोशिया' केलं, बंगालीने 'कुरुश'. याच आकड्याने इंग्रजीत आणखीही बरंच काही ओढून आणलं आहे. 'एन्क्रोच' हे क्रियापद त्यातलंच. आकडा टाकून दुसऱ्याचं आपल्याकडे ओढायचं. फुटपाथवरच्या अतिक्रमणाचं आणि माझ्या रुमालाचं मूळ एक आहे हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

शब्द परका खरा, पण सुई हातात आल्यावर पुढचा सगळा कारभार मराठीत चालतो. साखळी, खांब, अर्धा खांब, जाळी. त्यात भाषांतराचा वास नाही. इंग्रजीत याच टाक्यांना सिंगल, डबल, ट्रेबल अशी नावं आहेत, आणि तिथे एक गंमत आहे. अमेरिकन बाई ज्याला सिंगल म्हणते त्याला ब्रिटिश बाई डबल म्हणते. अमेरिकेतलं डबल ते ब्रिटनमध्ये ट्रेबल. नमुना कुठल्या देशातला हे न पाहता विणायला घेतलं की बाळाचं टोपडं आजोबांना होतं. हा घोळ मोजण्यातून आला. कुठून मोजायला सुरुवात करायची यावर दोघींचं एकमत नाही. आपल्याकडे कुणी मोजलं नाही, पाहिलं. ओळीत उभे राहिलेले ते टाके खरोखर वाड्याच्या सोप्यातल्या खांबांसारखे दिसतात. अमेरिकेतलं डबल आणि ब्रिटनमधलं ट्रेबल, दोन्ही मावशीच्या लेखी खांबच.

आणि मग मुका खांब. आकडा टाक्यात घालायचा, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फासे झाले की दोन्हींतून एकदम बाहेर. झाला. उंची जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, 'मुका' म्हटल्यावर दुसराच अर्थ डोक्यात आला, आणि मावशीलाही ते फोनवरून कळलं असावं. पण हा मुका 'मुका मार'मधला. मार बसलेला असतो, वर दिसत काही नाही. तसा हा खांब असतो, उभा राहिलेला दिसत नाही. कडा घट्ट करायला, दोन तुकडे जोडायला तोच लागतो. शब्दकोशात मी शोधला. माझ्याकडच्या एकाही कोशात 'मुका'खाली किंवा 'खांब'खाली तो नाही. कोशकारांच्या घरी तोरणं, ताटावरचे रुमाल आणि कुंच्या नव्हत्या असं थोडंच आहे? त्या विणणाऱ्यांना कुणी शब्द विचारले नाहीत, एवढंच.

क्रोशा थोडा हाताला बसल्यावर मी दोन सुयांकडे वळलो. इथे तर मराठीची काटकसर बघण्यासारखी आहे. टाका दोनच प्रकारचा, सुलट आणि उलट. इंग्रजीत यांना निट आणि पर्ल अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन नावं आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं की आपण दोन गोष्टी शिकतो आहोत. मराठी नाव ऐकतानाच गुपित सांगून टाकतं : टाका एकच, समोरून पाहिला तर सुलट, मागून पाहिला तर उलट. ओळीला इथे ओळ म्हणत नाहीत, सुईच म्हणतात. "एक सुई सुलट, एक सुई उलट." या सुईला नेढं नसतं, तरी ती सुई. नेढं राजगडावर आहे, ते वेगळं.

या सगळ्यावर छत्र धरणारं क्रियापद म्हणजे 'विणणे'. संस्कृतात धातू 'वे', त्याचं 'वयति', पालीत 'विनाति', हिंदीत 'बुनना', गुजरातीत 'वणवुं'. मुळात हे मागावरच्या कामाचं क्रियापद. ताणा आणि बाणा, उभा धागा आणि आडवा. 'ओतप्रोत' हा शब्दही तिथलाच. आनंदाने ओतप्रोत म्हणताना आपण भांडं काठोकाठ भरल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतो, पण त्यातलं 'ओत' ओतण्यातलं नाही, विणण्यातलं आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला जो पेच घालते तो याच शब्दांत : हे सगळं पाण्यात विणलेलं असेल, तर पाणी कशात विणलेलं आहे? लोकर आणि दोन सुया पुढे कधीतरी आल्या तेव्हा मराठीने नवा शब्द घडवण्याचे कष्ट घेतले नाहीत. कापड, खाट, टोपली, कोळ्याचं जाळं, सगळं विणतात. त्यात स्वेटरची भर. इंग्रजीने मात्र 'नॉट' म्हणजे गाठीपासून 'निट' काढलं. गंमत अशी की विणकामात गाठ नसतेच. असते ती फाशात फासा, त्यात पुन्हा फासा. गाठ असती तर एक टोक ओढल्यावर माझी तीन संध्याकाळची मेहनत सरसर करत पुन्हा गुंडा झाली नसती.

त्यावरून एक जुनं दुखणं. वर्तमानपत्रांत नात्यांची वीण नेहमी 'उसवते'. उसवणे हे शिवणेच्या विरुद्ध आहे. त्याच्या पोटात 'सिव्' धातू आहे, आणि शिवण उसवते ते योग्यच. मागावरची वीण उसवत नाही. ती विरते. जुनं धोतर उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं, ते विरणं. सुयांवरची वीण उसवते म्हणायला माझी हरकत नाही, मावशीही तेच म्हणते, कारण तिथे एकच धागा सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलेला असतो. तेव्हा संपादक मंडळींनी आधी ठरवावं, नातं मागावरचं की सुयांवरचं. (दुसरी एक वीण आहे, ती गाईम्हशींची. ती 'विजन्'वरून, व्यायण्यातली. तिचा या विणीशी संबंध नाही.)

गाईवरून आठवलं. जर्सी नावाची गाय आणि जर्सी नावाचा अंगरखा एकाच बेटावरून आले. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत ते आहे, आणि तिथले लोक विणकामासाठी प्रसिद्ध होते. शेजारचं बेट ग्वेर्न्सी. तिथला विणलेला, खलाशांचा जाड सदरा म्हणजे 'ग्वेर्न्सी फ्रॉक'. तो हिंदुस्थानात येऊन 'गंजीफ्रॉक' झाला आणि घामाने चिंब होऊन आमच्या आजोबांच्या अंगावर दिसू लागला. पुरुषांच्या बनियनला फ्रॉक का म्हणायचे, हे लहानपणीचं कोडं असं सुटलं. माकडटोपीचं मात्र उलट झालं. इंग्रजांनी तिला बालाक्लावा हे नाव दिलं, 1854 साली क्रिमियाच्या युद्धात जिथे लढाई झाली त्या गावावरून. आपण ती घालणाऱ्याचं तोंड पाहिलं आणि नाव ठेवलं. पण ती अपवाद; एरवी वस्तू आणि टाका यांतला फरक इथे लक्षात येतो. तयार वस्तू दुकानातून आली की बहुधा आपलं नाव घेऊन येते. टाका हाताने शिकावा लागतो, तेव्हा त्याला नाव घरातच पडतं.

राहता राहिला खांब. त्याचं मूळ 'स्कम्भ', म्हणजे आधार. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात याच नावाचं एक सूक्त आहे : सगळं विश्व ज्याने तोलून धरलं आहे तो खांब कोणता, असं विचारणारं. त्याच्या शेवटाकडे अचानक दोन तरुणी येतात. रंगरूपाने वेगळ्या. आळीपाळीने जवळ येऊन त्या सहा खुंट्यांच्या मागावर विणत असतात. मागासाठी शब्द आहे 'तंत्र', आणि खुंटीसाठी 'मयूख', जो पुढे किरण झाला आणि आता मुलांच्या नावात आहे. एक धागे ओढते, दुसरी बसवते. त्यांचा धागा तुटत नाही आणि त्यांच्या कामाला शेवटही येत नाही.

हे मी अतिशय उत्साहाने मावशीला फोनवर सांगितलं. खांबाच्या सूक्तात विणणाऱ्या दोघी, म्हणजे काय योग!

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेवट येत नाही म्हणजे टाके बंद करायला कुणी शिकवलं नसेल त्यांना. तुला तरी कुठे येतात? घे सुई."