गाडीची म्युझिक सिस्टिम जशीच्या तशी बोटीत बसवली, तर काय बिघडतं?

पर्यटकांची बोट म्हटली की आता गाणी आलीच. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे असो किंवा पणजीच्या मांडवीत, छोट्या फायबरच्या बोटीतही दोन-चार स्पीकर आणि बाकाखाली एक अ‍ॅम्प्लिफायर दिसतो. तो बसवणारा अनेकदा गाड्यांच्या सिस्टिमचं काम करणाराच असतो. बॅटरी 12 व्होल्टचीच, वायर तीच, मग फरक काय?

फरक असा की गाडीत काम चुकलं तर आवाज फाटतो. बोटीत चुकलं तर गाणी छान वाजतात, पण परत निघताना इंजिनाचा सेल्फ लागत नाही. ओहोटी सुरू झालेली असते आणि बोटीला धक्का मारायला मागे कोणी नसतं.

बोटीला ‘बॉडी अर्थ’ नसतो

गाडीत प्लसची एक जाड वायर अ‍ॅम्पपर्यंत नेतात आणि निगेटिव्ह जवळच्या पत्र्याला आवळतात. परतीचा रस्ता गाडीची बॉडीच असते. फायबर किंवा लाकडाच्या बोटीत असा पत्रा नाही. म्हणून निगेटिव्हची वायरही प्लसइतकीच जाड घेऊन थेट बॅटरीपर्यंत किंवा तिच्या निगेटिव्ह बसबारपर्यंत आणावी लागते. बोट लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असली तरी बॉडीतून करंट परत नेणं चुकीचंच. तसं केलं तर खाऱ्या पाण्यात धातू झपाट्याने गंजतो.

परतीचा रस्ता वायरचाच असल्याने लांबी दुप्पट मोजायची. चार चॅनलचा, प्रत्येकी 100 वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प घेऊ. एकूण 400 वॅट आवाजासाठी तो बॅटरीतून साधारण 500 वॅट ओढतो, म्हणजे 40 अँपिअर. बॅटरी मागे, अ‍ॅम्प पुढे, अंतर 5 मीटर, तर वायर 10 मीटर झाली. 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरली तर पूर्ण जोरात 1.15 व्होल्ट वायरमध्येच जातात. 16 स्क्वेअरला 0.43 आणि 25 स्क्वेअरला 0.28 व्होल्ट. 25 स्क्वेअर महाग पडते हे खरंच, पण अशा वेळी अ‍ॅम्प बॅटरीजवळ आणून स्पीकरच्या वायर लांबवणं स्वस्तात होतं.

आणि पॅकेटवरचे ‘2000 वॅट मॅक्स’ वगैरे आकडे विसरायचे. हिशेब फक्त आरएमएसचा.

फ्यूज अ‍ॅम्पसाठी नाही, वायरसाठी असतो

अ‍ॅम्पच्या अंगावर फ्यूज असतोच, मग आणखी कशाला, असं विचारलं जातं. बॅटरी ते अ‍ॅम्प ही वायर घासून कुठे शॉर्ट झाली, तर अ‍ॅम्पवरचा फ्यूज उडून उपयोग नाही, कारण तो त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला आहे. बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायरचं आवरण पेटतं. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात मुख्य फ्यूज बॅटरीपासून 7 इंचांच्या आत सांगितला आहे. वायर वेगळ्या संरक्षक नळीतून नेली तर काही सूट मिळते. वरच्या उदाहरणात 60 अँपिअरचा फ्यूज चालेल.

बोटीच्या आतलं इंजिन पेट्रोलचं असेल तर आणखी एक काळजी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. तिथे ठिणगी पडू शकेल असा स्विच, रिले किंवा साधा फ्यूज होल्डर नको.

इंजिनाची बॅटरी गाण्यांना द्यायची नाही

गाणं वाजताना 40 अँपिअर सतत लागत नाहीत. सरासरी एक तृतीयांश, म्हणजे 13 अँपिअर धरू. डॉल्फिन बघायला इंजिन बंद, मग जेवायला बंद, असे तीन तास गेले की 40 अँपिअर-तास संपले. 70 अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली. दोरी ओढून सुरू होणारं छोटं इंजिन असेल तर निभावतं, मोठ्या इंजिनाला ते जमत नाही.

उपाय म्हणजे गाण्यांसाठी वेगळी डीप सायकल बॅटरी आणि दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण साडेतेराच्या आसपास गेलं की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडून चार्ज करतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज 12.8 च्या जवळ उतरलं, की तोडतो. सगळ्या यादीत एकाच गोष्टीवर पैसे खर्च करता येणार असतील, तर ते इथे करावेत. स्पीकर नंतरही बदलता येतात.

खारी हवा जोडात शिरते

साध्या तांब्याच्या तारेत खारा ओलावा आवरणाच्या आतून केशिकेसारखा चढतो आणि तार हिरवी-काळी पडते. म्हणून तारेवर कथिलाचा मुलामा असलेली, बारीक तारांची लवचिक वायर घेतात. जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी क्रिम्प केलेला लग आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरायची. नुसतं सोल्डर केलेला जोड इंजिनाच्या थरथरीने कडेला तुटतो.

स्पीकर बसवताना होकायंत्र विसरलं जातं. स्पीकरच्या मागचं चुंबक जवळ आलं की सुई हलते. भोक पाडण्याआधी स्पीकर त्या जागी हातात धरून सुईकडे बघावं, एवढंच.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

सगळ्यात जास्त स्पीकर इथे जळतात. उघड्या बोटीत काचा नाहीत, छत नाही, त्यामुळे बास हवेत विरतो. इंजिन आणि वाऱ्याचा आवाज वेगळाच. मग गेन पूर्ण उजवीकडे फिरवला जातो. गेन फक्त प्लेअरकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवतो. प्रमाणाबाहेर गेला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात आणि कॉइल तापते.

जुळवायची पद्धत मल्टिमीटरने पंधरा मिनिटांची आहे. स्पीकरच्या वायर काढा. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट आणि सगळे फिल्टर बंद, गेन शून्यावर. प्लेअरचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून 60 हर्ट्‌झचा टेस्ट टोन लावा. 1000 हर्ट्‌झचा नको, कारण स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतात. आता वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. 100 वॅट आणि 4 ओहमला 20 व्होल्ट येतात. मीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला 20 दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. स्पीकर 60 वॅटचाच असेल तर साडेपंधरालाच थांबायचं.

मग स्पीकर जोडून हाय पास फिल्टर 80 हर्ट्‌झवर ठेवायचा. साडेसहा इंची स्पीकरला त्याखालचं काम जमत नाही, ते सबवूफरचं. तरी बास पोकळ वाटला तर एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे असू शकतात. वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून दूर न्यावी आणि प्लेअर व अ‍ॅम्पचं निगेटिव्ह एकाच जागी जोडावं.

आवाज किती, हे मात्र मल्टिमीटर सांगत नाही. व्हीएचएफ सेट असलेल्या बोटीवर चॅनल 16 वरची हाक चालवणाऱ्याला ऐकू आलीच पाहिजे, म्हणून सुकाणूजवळच्या स्पीकरला वेगळा आवाज कमी करण्याचा नॉब द्यावा. आणि 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला मनाई आहे.